लोकशाही काय गव्हाच्या पोत्यातून येते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक आकडा आपल्या सगळ्यांच्या फोनवर नाचत होता. दोन कोटी दहा लाख डॉलर. इलॉन मस्क यांच्या 'डोज' विभागाने रद्द केलेल्या खर्चांची एक यादी टाकली. भारतातलं मतदान वाढवण्यासाठी एवढी रक्कम मंजूर होती, असं त्यात लिहिलं होतं. झालं! पुढचे दोन आठवडे कौटुंबिक ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही कुणी दिल्या नसतील, एवढी चर्चा. 'इंडियन एक्सप्रेस'ने कागदपत्रं काढून दाखवलं की तो पैसा बांगलादेशासाठीचा होता. आपल्याच अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात यूएसएडचे सात प्रकल्प दिसतात, एकूण ७५ कोटी डॉलरचे. त्यात शेती आहे, पाणी आहे, आरोग्य आहे. निवडणूक कुठेच नाही. पण तोवर ग्रुपवर निकाल लागून गेला होता.

मग १ जुलै २०२५ ला यूएसएडला अधिकृतपणे टाळं लागलं आणि दुसऱ्या गटाचा गळा दाटून आला. आता गरीब देशांतल्या लोकशाहीचं कसं होणार, तिला वाली कोण, वगैरे.

मला दोन्ही गटांचा सारखाच राग येतो. एकाला वाटतं, परदेशी पैशाने आमची लोकशाही विकत घेतली जाते. दुसऱ्याला वाटतं, परदेशी पैशाने ती वाचते. म्हणजे लोकशाही बाहेरच्या पैशावर हलते, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे.

मी लालबागची. माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर 'लोकशाहीच्या रक्षणासाठी' म्हणून जे धान्य, जो पैसा, जी पुस्तकं आपल्याकडे आली, त्यांनी काहींची पोटं भरली, काहींची मासिकं चालवली, काहींच्या निवडणुका सोप्या केल्या. लोकशाहीचं रक्षण त्यांनी केलं नाही. ते ज्यांनी केलं, ती माणसं वर्गणीवर आणि स्वतःच्या खिशावर चालत होती. याचा पुरावा शोधायला वॉशिंग्टनला जावं लागत नाही. गिरगाव ते लालबाग, बेस्टच्या एका तिकिटात बसेल एवढ्या अंतरात तो पडलेला आहे.

आधी थोडा इतिहास, कारण शाळेत हा भाग एका परिच्छेदात उरकतात. १२ मार्च १९४७ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांच्या संसदेकडे ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. कारण दिलं ते असं, की स्वतंत्र जनतेला दडपशाहीविरुद्ध उभं राहायला मदत करणं हे अमेरिकेचं धोरण असायला हवं. त्यानंतर मार्शल योजना आली आणि पश्चिम युरोपात सुमारे तेराशे कोटी डॉलर गेले. युरोप सावरला, हे खरंच आहे. पण १९४८ मध्ये इटलीत निवडणूक लागली तेव्हा सीआयएने कम्युनिस्टांच्या विरोधातल्या पक्षांना गुपचूप पैसे पोचवले, हेही तितकंच खरं. 'मदत' या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी पहिल्यापासून होत्या: उघडपणे दिलेली भाकरी आणि टेबलाखालून दिलेलं पाकीट. आपल्याकडे दोन्ही आल्या.

भाकरीपासून सुरुवात करते, कारण तिची गोष्ट थेट गिरगावच्या खासदाराशी जोडलेली आहे.

स. का. पाटील हे नाव आज विशीतल्या कुणाला सांगितलं तर 'कोण?' असं विचारतील. एके काळी मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत त्यांना. तीनदा महापौर, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, दक्षिण मुंबईचे खासदार. कोकणातून आलेला हा मराठी माणूस संयुक्त महाराष्ट्राला ठाम विरोध करून उभा राहिला, त्यामुळे गिरगावातल्या जुन्या लोकांच्या तोंडी त्यांचं नाव फारसं प्रेमाने येत नाही. १९५९ मध्ये नेहरूंनी त्यांना अन्न आणि शेती खातं दिलं. ४ मे १९६० ला वॉशिंग्टनमध्ये आयसेनहॉवर यांच्यासोबत बसून पाटलांनी एका करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. हिशेब करून बघा, चार वर्षं रोज साडेअकरा हजार टनांहून जास्त धान्य. त्या काळच्या एका मालवाहू जहाजात साधारण एवढंच मावायचं. रोज एक जहाज!

हा करार ज्या कायद्याखाली झाला तो म्हणजे पीएल ४८०. १९५४ चा अमेरिकन कायदा. त्याखालचा भारताबरोबरचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. (जाता जाता: गाजर गवत या गव्हातून आलं, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. पुण्यात त्याची नोंद १९५५ ची आहे, करार त्याच्या पुढच्या वर्षीचा. अमेरिकेच्या नावावर आधीच पुरेशी पापं आहेत, हे एक उगाच कशाला.) अमेरिकेत गव्हाचं पीक इतकं होत होतं की कोठारं भरून वाहत होती, भाव पडत होते, शेतकरी चिडलेला होता. तो गहू कुठेतरी खपवणं ही तिथल्या सरकारची गरज होती. भुकेला माणूस कम्युनिस्ट होतो, हा सिद्धांत त्या गरजेला छान चिकटला. केनेडींच्या काळात याला 'शांततेसाठी अन्न' असं नाव पडलं. नाव ठेवण्यात अमेरिकनांचा हात कुणी धरू शकत नाही.

यातली खरी गंमत पैशाच्या व्यवहारात होती आणि ती सहसा कुणी समजावून सांगत नाही. हा गहू सगळा फुकट नव्हता. आपलं सरकार त्याचे पैसे द्यायचं, पण डॉलरमध्ये नाही, रुपयांत. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच जमा व्हायचे. त्यातला मोठा भाग भारतालाच कर्ज किंवा अनुदान म्हणून परत दिला जायचा, काही भाग भारतात काम करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना कर्जाऊ जायचा, काहीतून वकिलातीचा खर्च भागायचा. म्हणजे लालबागच्या रेशन दुकानात कामगाराच्या बायकोने मोजलेले पैसे फिरत फिरत अमेरिकेच्या खात्यात बसायचे. हा डोंगर इतका वाढला की शेवटी दोन्ही सरकारांना त्याचं काय करायचं ते कळेना. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकन राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. त्या वेळी जगातला सगळ्यात मोठा धनादेश म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली जायची, मराठीही. आज शिकागोसारख्या विद्यापीठात साठीतली मराठी पुस्तकं सापडतात. आपल्या कित्येक वाचनालयांत त्यांची वाळवी लागून माती झाली आहे. कॅटलॉगमध्ये त्यांच्यापुढे पीएल ४८० अशी खूण दिसते. या संपूर्ण व्यवहारात मला मनापासून आवडणारी ही एकच गोष्ट, आणि तिचा लोकशाहीशी काही संबंध नाही.

माझी आजी लाल ज्वारीबद्दल सांगायची. 'मिलो' म्हणायचे तिला. भाकरी थापताना तुटायची, खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. गिरणीतून आलेला माणूस ताट सरकवून उठायचा आणि मग बाईच उपाशी, कारण तिच्या वाट्याला तो टाकलेला तुकडा. तरी तिने हे सांगताना कधी अमेरिकेला शिव्या घातल्या नाहीत. तिच्या शिव्या रेशनवाल्याला होत्या, मापात मारायचा म्हणून. आणि गव्हाबद्दल तर ती कृतज्ञच होती.

मीही आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या एकूण गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा भारतात आला. तो आला नसता तर बिहारमध्ये काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. या धान्याने माणसं जगली, त्याबद्दल ज्याला वाद घालायचा आहे त्याने माझ्याशी घालू नये. माझा वाद गव्हाशी नाहीच, पोत्यावर लावलेल्या 'लोकशाही' या लेबलाशी आहे.

कारण नेमकं त्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी लगाम आखडता घेतला. वर्षांचे करार थांबले. जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सुटू लागली, एक खेप आली की पुढची सुटणार की नाही हे वॉशिंग्टन ठरवणार. जॉन्सन यांचं म्हणणं, भारताने शेतीत सुधारणा कराव्यात. ते एक वेळ ठीक. पण भारताने व्हिएतनाममधल्या युद्धावर बोलणं त्यांना खुपत होतं, हेही उघड होतं. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेही जागतिक बँक आणि अमेरिकेच्या दबावाखाली. पुढच्याच महिन्यात मॉस्कोत इंदिरा गांधींनी व्हिएतनामबद्दलच्या संयुक्त निवेदनावर सही केली आणि जॉन्सन भडकले.

आता विचार करा. एका लोकशाही देशाचं निवडून आलेलं सरकार एका युद्धाबद्दल स्वतःचं मत मांडतं. त्या मताची किंमत म्हणून गव्हाचं जहाज उशिरा सुटतं. लोकशाहीचा अर्थ जर आपलं मत आपण ठरवणं असा असेल, तर इथे तिचं रक्षण कोण करत होतं?

फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईने स. का. पाटलांना पाडलं. पाडणारा तिशीतला कामगार पुढारी, जॉर्ज फर्नांडिस. पाटलांना तुम्ही हरवू शकता, असं सांगणारी पत्रकं आणि पोस्टरं त्याने मतदारसंघभर लावली होती. पाटील गव्हामुळे पडले असं मी म्हणत नाही. महागाई, संयुक्त महाराष्ट्राचा जुना राग, एका माणसाच्या मक्तेदारीचा कंटाळा, असं बरंच काही होतं. पण ज्याने लोकशाही वाचवणाऱ्या गव्हाचा सगळ्यात मोठा करार केला, त्याला त्याच्याच मतदारांनी घरी बसवलं. लोकशाही ही अशी दिसते, आणि ती त्या पोत्यांतून आली नव्हती.

आता पाकीट.

जून १९५० मध्ये बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' नावाची संस्था निघाली. लेखक, विचारवंत, कलावंत यांना कम्युनिझमविरुद्ध एकत्र आणायचं, हे काम. मार्च १९५१ मध्ये तिची भारतातली परिषद आपल्या मुंबईत भरली. ऑडेन आणि स्पेंडरसारखे कवी आले होते. मिनू मसानी पुढे होते, जयप्रकाश नारायण जोडलेले होते. १९५५ मध्ये तिच्या भारतीय शाखेने 'क्वेस्ट' हे इंग्रजी मासिक काढलं, पहिले संपादक निसिम एझिकेल. दर्जाचं मासिक होतं ते, आजही जुने अंक हाताला लागले तर वाचण्यासारखे. आणि मग १९६६-६७ मध्ये बाहेर आलं की या मूळ संस्थेचा पैसा सीआयएचा होता. मुक्त विचारांचं व्यासपीठ एका गुप्तहेर संस्थेच्या खर्चाने उभं होतं आणि तिथे लिहिणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता.

दुसरी बाजू काही धुतल्या तांदळाची नाही. गिरगावात, फोर्टात, प्रदर्शनांत मॉस्कोची मराठी पुस्तकं मिळायची. प्रगती, रादुगा, मीर. जाड कागद, रंगीत चित्रं, किंमत वडापावएवढी. आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी मुलं त्या गोष्टींवर वाढली आणि अजून त्यांची आठवण निघाली की हळवी होतात. पुस्तकं चांगलीच होती. पण ती एवढी स्वस्त का होती, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली. तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, मीही करणार नाही. फक्त मॉस्कोनेही आपल्या मदतीला मैत्री, शांतता, जनता अशीच गोड नावं दिली होती, हे लक्षात ठेवा. त्यांची पाळी पुढे येते.

पाकिटाचा सगळ्यात उघडा पुरावा कुणा डाव्या पत्रकाराने दिलेला नाही. तो धनादेश देणाऱ्या त्याच मॉयनिहन साहेबांनी दिला. 'ए डेंजरस प्लेस' या १९७८ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की अमेरिकेने भारतातल्या राजकीय पक्षाला दोनदा पैसे दिले. एकदा केरळात, एकदा पश्चिम बंगालमध्ये, कम्युनिस्ट सरकार येण्याची शक्यता होती म्हणून. दोन्ही वेळा पैसे काँग्रेस पक्षाला गेले, पक्षाने मागितले होते म्हणून. एकदा ते थेट तेव्हाच्या पक्षाध्यक्ष इंदिरा गांधींकडे दिले गेले. पुढे ज्यांना प्रत्येक आंदोलनामागे परदेशी हात दिसू लागला, त्याच इंदिरा गांधी.

केरळात १९५७ मध्ये लोकांनी मतपेटीतून कम्युनिस्ट सरकार निवडलं होतं. त्याच वर्षी आपल्या गिरणगावाने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं. केरळचं सरकार ३१ जुलै १९५९ ला दिल्लीने बरखास्त केलं. ज्यांना लोकशाहीची एवढी काळजी होती त्यांच्या व्याख्येत परळच्या कामगाराचं मत बहुधा बसत नव्हतं. त्याने मत दिलं की ती लोकशाही राहायची नाही, तो धोका व्हायचा.

५ जून १९७० ला लालबागच्या तावरीपाड्यात आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. भर वस्तीत, लोकांनी निवडून दिलेला माणूस. कम्युनिस्ट होता. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले, शिवसेनेचे पहिले आमदार. माझ्या लहानपणी आमच्या आळीत या खुनाबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. आमदाराचा खून हा लोकशाहीवरचा घाव नसेल तर दुसरा कुठला असतो? 'मुक्त जगा'च्या हिशेबात ही गोष्ट लोकशाहीवरचं संकट म्हणून धरली गेल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट तर डोळ्यांत बोट घालून दाखवणारी. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली, शेख मुजीब यांच्या पक्षाला बहुमत मिळालं, लष्कराने तो निकाल रणगाड्याखाली घातला. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले. लोकशाहीच्या बाजूने उभं राहायची याहून सोपी परीक्षा कुठली? निक्सन आणि किसिंजर लष्करशहाच्या बाजूला उभे राहिले. ६ डिसेंबर १९७१ ला अमेरिकेने मदत थांबवली, भारताची.

आता तो प्रसंग, जिथे हिशेब पुरा होतो. २५ जून १९७५. आणीबाणी.

गव्हाचे करार करणारे, मासिकांना पैसे पुरवणारे, रुबलची पुस्तकं वाटणारे, सगळ्यांसमोर एकच प्रश्न होता: आता भारतातली लोकशाही खरंच धोक्यात आहे, तुम्ही काय करता? सोव्हिएत संघाने आणीबाणीला पाठिंबा दिला. जून १९७६ मध्ये इंदिरा गांधींचं मॉस्कोत स्वागत झालं. डांग्यांचा पक्ष, गिरणगावातला तो लाल बावटा, आणीबाणीच्या बाजूला उभा राहिला. पक्षाला ती चूक मान्य करायला १९७८ उजाडलं. ज्या चाळींनी आयुष्यभर त्या बावट्याखाली लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याशी याहून मोठी बेइमानी मला माहीत नाही. अमेरिकेनेही काही आणीबाणी उठवायला बोट हलवलं नाही.

इथे एक गोष्ट मला अडचणीची आहे, पण ती सांगायलाच हवी. मिनू मसानींचं 'फ्रीडम फर्स्ट' हे छोटंसं मासिक आणीबाणीत सेन्सॉरपुढे वाकलं नाही. सेन्सॉरने मजकूर अडवला तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सनदशीर मार्गाने सरकारवर टीका करणं सेन्सॉर थांबवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. 'क्वेस्ट'सुद्धा आणीबाणीत बंद पडलं, सरकारची भाटगिरी करत चालू राहिलं नाही. म्हणजे ज्या वर्तुळात सीआयएचा पैसा फिरला होता, त्याच वर्तुळातल्या माणसांनी कणा दाखवला. मग माझं म्हणणं पडलं का? तारखा बघा. पैशाचं बिंग १९६७ मध्येच फुटलं होतं. १९७६ मध्ये मसानी कोर्टात उभे राहिले ते अमेरिकेच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मतावरून. त्यांच्या आर्थिक विचारांशी माझं हाडवैर आहे. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठीही भांडण केलं.

बाकीच्यांकडे तर लपवायलाही काही पाकीट नव्हतं. दुर्गा भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून उभं राहून, यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. आयुष्यभर ग्रंथालयात बसून अभ्यास करणारी बाई. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर तुरुंगात गेल्या. या दोघींनी १९७२ पासून महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं होतं. एक समाजवादी, एक मार्क्सवादी, सगळ्या जणी रॉकेल, तेल, साखर, रेशन यांसाठी. रेशनच्या रांगेत मान खाली घालून उभी राहणारी बाई मंत्र्याला जाब विचारू लागली, ती या मोर्चांतून. १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

आणि जॉर्ज फर्नांडिस? ते भूमिगत झाले, मग बडोदा डायनामाइट प्रकरणात पकडले गेले, आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुजफ्फरपूरहून निवडून आले. २०१३ मध्ये विकिलीक्सने जुन्या अमेरिकन तारा प्रसिद्ध केल्या. त्यांत म्हटलं आहे की भूमिगत असताना फर्नांडिस यांनी फ्रेंचांकडे पैसे मागितले, त्यांनी नकार दिला, तेव्हा सीआयएशी गाठ घालून देता येईल का असं विचारलं. खरं-खोटं त्या तारा लिहिणाऱ्यांना माहीत. खरं असेल तरी मला त्यात फर्नांडिस यांची लाज वाटण्यापेक्षा दुसरंच काही दिसतं: लोकशाहीसाठी म्हणून तीस वर्षं पैसा वाटला गेला आणि ज्या दिवशी एका लोकशाहीवाद्याने खरोखर हात पसरला, त्या दिवशी दारं बंद.

इथवर वाचून जो म्हणेल, 'म्हणजे सरकार परदेशी पैशावर बंधनं घालतं ते बरोबरच', त्याच्यासाठी पुढचं.

परदेशी हाताची भीती दाखवणं हे दिल्लीचं काही नवं संशोधन नाही. १९२८ च्या गिरणी संपात सोव्हिएत कापड कामगारांच्या संघटनेकडून मुंबईच्या संपकऱ्यांसाठी पैसे आले, तर इंग्रज सरकारने मॉस्कोच्या सोन्याचा बोभाटा केला. परदेशी कम्युनिस्टांना हाकलता यावं म्हणून पब्लिक सेफ्टी बिल आणलं. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला असेंब्लीत बॉम्ब टाकला तो याच बिलाच्या वेळी. पुढे स्वतंत्र भारतात परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा, ज्याला आपण एफसीआरए म्हणतो, तो आला १९७६ मध्ये. म्हणजे ऐन आणीबाणीत, विरोधक तुरुंगात असताना.

त्या कायद्याचा आजचा अवतार कसा चालतो ते मी जवळून पाहिलंय. परळच्या एका संस्थेत दोन वर्षं काम केलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, अशा पन्नास होत्या. बाहेरच्या पैशावर 'नागरिक सहभाग' नावाचा प्रकल्प होता. नायगावच्या बीडीडी चाळीत बैठका घ्यायच्या, हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, फोटो काढायचे. दर तीन महिन्यांनी कळवायचं की किती टक्के महिलांमध्ये लोकशाही मूल्यांची जाणीव वाढली. टक्के! पहिल्याच बैठकीत एका मावशीने विचारलं, "पुनर्विकासात आमची खोली किती फुटांची मिळणार, ते सांगणारंय का कोणी?" दुसरी म्हणाली, "गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आमच्या ह्यांचं नाव का नाही आलं?" मी वर विचारलं. उत्तर आलं, हे विषय राजकीय आहेत, आपण त्यात पडायचं नाही. देणाऱ्यांना चालत नव्हतं आणि आपल्या सरकारलाही. बंद, हरताळ, रास्ता रोको, जेलभरो यांना पाठिंबा देणारी संघटना २०११ च्या नियमांनुसार राजकीय धरता येत होती आणि तिचा परदेशी पैसा तोडता येत होता. त्या नियमाला थोडा लगाम बसायला मार्च २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. लाटणी मोर्चा त्या नियमात कुठे बसला असता, तुम्हीच सांगा.

पुढे त्या संस्थेचा परवाना गेला, प्रकल्प बंद झाला, आम्ही सात जण घरी बसलो. मला माझ्या पगाराचं वाईट वाटलं. चाळीतल्या बायकांनी मात्र तोवर स्वतःची समिती काढली होती, महिन्याला वीस रुपये वर्गणी, हिशेब जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने. आमचा प्रकल्प बंद झाल्याचं त्यांना दोन महिने कळलंही नाही.

आता ज्यांचा परदेशी पैसा कधी बंद होत नाही त्यांच्याकडे या. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी वेदांताशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन एफसीआरए मोडला आहे. सरकारने कारवाई करावी, असं सांगितलं. सरकार बदललं. कारवाई झाली नाही, कायदा बदलला. २०१६ च्या वित्त विधेयकात 'परदेशी स्रोत' याची व्याख्याच फिरवली, म्हणजे तशा कंपन्यांचा पैसा परदेशी उरलाच नाही, आणि ही सूट २६ सप्टेंबर २०१० पासून मागे लागू केली. पण पक्षांच्या जुन्या देणग्या त्याच्याही आधीच्या, १९७६ च्या कायद्याखालच्या होत्या. मग २०१८ च्या वित्त विधेयकात एक छोटीशी दुरुस्ती आली. तिने फक्त एक तारीख बदलली. २६ सप्टेंबर २०१० च्या जागी ५ ऑगस्ट १९७६.

लोकसभेने ते विधेयक १४ मार्च २०१८ ला गोंधळात, चर्चेशिवाय मंजूर केलं. परदेशी हाताबद्दल त्या दिवशी दोन्हीपैकी एकाही पक्षाला काही बोलायचं नव्हतं.